पन्नास पौंड हवेचा हिशेब

पेट्रोल पंपावर मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरून घेतो. म्हणजे दर चौरस इंचावर तेवढ्या पौंडांचा दाब. साडेअकरा टन वजनाचे डकोटा हे जुने पंख्याचे विमान साधारण पन्नास पौंडांवर उभे असते. आजच्या बोइंग ७३७च्या टायरमध्ये हाच आकडा दोनशेच्या घरात जातो. हे तीन आकडे शेजारी ठेवले की एक समजूत सहज तयार होते. जुनी पंख्याची विमाने हळू उडतात, कमी वेगाने उतरतात, त्यांच्या टायरमध्ये दाबही बेताचा असतो आणि वर्षातून थोडेच तास ती आकाशात असतात. मग त्यांच्या टायरची काळजीही बेताचीच पुरेल, असे वाटते. जुन्या वस्तू प्रेमाने जपणाऱ्या लोकांमध्येही ही समजूत असते. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. दाब कमी, म्हणून चुकीला जागा कमी. उड्डाणे कमी, म्हणून तपासणी जास्त. हे पटवून द्यायचे तर आधी तो दाब इतका कमी का ठेवला गेला हे पाहिले पाहिजे, कारण पन्नासचा आकडा कुणी सहज लिहून टाकलेला नाही. विमानाच्या पंखाचा आकार जितक्या विचाराने ठरला, तितक्याच विचाराने तोही ठरला आहे.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाकेच नव्हती. ते रुळावरून सुटायचे आणि लाकडी पट्ट्यांवर घसरत टेकायचे. हवा भरलेला टायर त्याआधीच, १८८८ मध्ये, जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलीसाठी बेलफास्टमध्ये यशस्वी करून दाखवला होता, आणि १९०९ मध्ये लुई ब्लेरिओ इंग्लिश खाडी ओलांडून गेले तेव्हा त्यांच्या विमानाला तशीच सायकलीच्या धाटणीची हवेची चाके होती. पुढची तीसेक वर्षे जगातले बहुतेक विमानतळ म्हणजे मोकळी मैदाने होती. गवत, मुरूम, माती, पावसाळ्यात चिखल. मुंबईचे जुहू त्यातलेच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, तिथे पक्की धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात आणि मोठ्या भरतीला ते मैदान पाण्याखाली जाई, म्हणून टाटांची ही सेवा पावसाळ्यापुरती पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवावी लागे. अशा जमिनीवर विमान उतरवायचे, वळवायचे आणि पुन्हा उडवायचे तर चाक रुतून चालत नाही. त्या काळच्या अभियंत्यांनी यावर शोधलेला उपाय सोपा आणि चांगला होता: टायर जाड, गुबगुबीत आणि मऊ ठेवायचा. ओल्या शेतात ट्रॅक्टरचे रुंद, कमी हवेचे मागचे चाक न रुतता का चालते, ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विमानालाही तोच न्याय लागू पडतो.

या न्यायामागचे गणित एका ओळीचे आहे. टायरमधल्या हवेचा दाब आणि जमिनीला टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे त्या चाकावरचा भार. टायरच्या भिंतींचा ताठरपणा बाजूला ठेवला तर हे जवळपास तंतोतंत खरे आहे. डकोटाच्या प्रत्येक मुख्य चाकावर पाच टनांहून अधिक भार येतो. पन्नास पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. भागाकार केला की टायरचा सुमारे दीड हजार चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकलेला असतो असे निघते, म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर बाजूचा चौरस. आता एकोणऐंशी टनांचे बोइंग ७३७-८०० घ्या. त्याच्या चार मुख्य चाकांपैकी प्रत्येकावर अठरा टनांच्या पुढे भार असतो, दाब दोनशे पौंड, आणि क्षेत्रफळ निघते सुमारे तेराशे चौरस सेंटिमीटर. सातपट जड विमानाचे चाक जमिनीला डकोटाच्या चाकापेक्षाही थोड्या कमी जागेत टेकते. म्हणजे त्याच्याखाली जमिनीवर येणारा दाब चौपट असतो. तो सोसायला काँक्रीट लागते. गवत ते सोसणार नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने धावपट्ट्यांसाठी टायरच्या दाबाचे चार गट केले आहेत. सर्वांत खालच्या गटाची मर्यादा अर्धा मेगापास्कल, म्हणजे सुमारे ७३ पौंड आहे. डकोटा या खालच्या गटातही आरामात बसते. त्यामुळेच २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या कच्च्या पट्टीवर शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन डकोटा उतरू शकल्या. त्यामुळेच मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांना जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला, सिंधूच्या काठी सोनम नोर्बूंनी घाईने तयार करून घेतलेल्या पट्टीवर उतरता आले. वैमानिकांच्या धैर्याबद्दल आपल्याकडे लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. त्या धैर्याला जमिनीवर टेकायला जागा दिली ती या मऊ टायरनी.

उलटे उदाहरणही आहे आणि ते फार बोलके आहे. अमेरिकेचे एक्सबी-३६ हे प्रचंड बॉम्बफेकी विमान ऑगस्ट १९४६ मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याच्या प्रत्येक मुख्य पायाला एकच चाक होते, एकशे दहा इंच व्यासाचे, म्हणजे नऊ फुटांपेक्षा उंच. एवढे मोठे चाक असूनही भार इतका होता की त्याला बावीस इंच जाडीचे काँक्रीट लागे, आणि तेवढी मजबूत धावपट्टी असलेले विमानतळ अमेरिकेत त्यावेळी तीनच होते. पुढच्या विमानांमध्ये ते एक चाक काढून प्रत्येक पायाला चार-चार चाके दिली गेली. विमान, टायर आणि जमीन ही तिन्ही एकमेकांच्या हिशेबाने घडतात, हे यातून दिसते. तिन्हींतले एक बदलले की उरलेल्या दोघांवर त्याचा ताण येतो. डकोटाच्या बाबतीत विमान तेच राहिले, टायरची धाटणी तीच राहिली आणि जमीन मात्र बदलली. या बदलाकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी दाबाच्या चुकीकडे पाहू. विमानाचा टायर मोटारीच्या टायरपेक्षा मुळातच जास्त दबण्यासाठी बनवलेला असतो. ठरलेल्या भाराखाली तो आपल्या उंचीच्या सुमारे एक तृतीयांश दबतो. मोटारीचा टायर याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी. दबलेला भाग जमिनीवरून सुटला की परत फुगतो, पुढचा भाग दबतो, आणि प्रत्येक फेरीत टायरच्या भिंतीतले धागे आणि रबर वाकून सरळ होतात. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. रबर उष्णता बाहेर टाकण्यात फार मंद असल्यामुळे ती आतच साठते. हवा कमी असेल तर वाकणे वाढते आणि उष्णता त्याहून जास्त वेगाने वाढते. टायर कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये म्हणूनच कडक नियम असतात. दाब पाच टक्क्यांपर्यंत कमी आढळला तर भरून घ्या. पाच ते दहा टक्के कमी असेल तर कारण शोधा, नोंद करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. दाब दहा टक्क्यांहून जास्त उतरलेला असताना विमान चालले असेल तर तो टायर उतरवा. वीस टक्क्यांहून जास्त उतरलेला असेल तर त्याच आसावरचा जोडीदार टायरही उतरवा, कारण त्याने दुसऱ्याचा भार वाहिलेला असतो. आता हे टक्के पौंडांत मांडून पाहा. दोनशे पौंडांच्या टायरमधून पाच पौंड गेले तर अडीच टक्के गेले; कुणाला दखलही घ्यावी लागणार नाही. पन्नास पौंडांच्या टायरमधून तेच पाच पौंड गेले तर दहा टक्के गेले, आणि टायर उतरवण्याची वेळ आली. मोठ्या विमानांच्या कामाची सवय झालेल्या हाताला पाच पौंड म्हणजे किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या विमानाजवळ ती सवय धोक्याची ठरते.

दाब मोजायच्या साधनाचेही तसेच. तीनशे पौंडांपर्यंत मोजणाऱ्या गेजमध्ये पूर्ण मापाच्या दोन टक्के चूक धरली तर ती सहा पौंड होते. बोइंगजवळ हे गेज ठीक आहे. डकोटाजवळ त्याच गेजचा काटा पन्नास दाखवत असताना खरा दाब चव्वेचाळीसही असू शकतो आणि छप्पन्नही. म्हणून जुन्या विमानांसाठी लहान मापाचे, वेळच्या वेळी प्रमाणित केलेले वेगळे गेज लागते. हा खर्च मोठा नाही, पण तो आवश्यक आहे हे कुणीतरी मान्य करावे लागते.

उंची आणि तापमान यांचाही असाच असमान परिणाम होतो, आणि लेहचे उदाहरण त्यासाठी उत्तम आहे. गेज दाखवते तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पौंड असतो. लेहच्या विमानतळावर, सुमारे ३,२५० मीटर उंचीवर, तो दहाच्या किंचित खाली येतो. टायरमध्ये कुणी हवा भरली नाही तरी गेजवर जवळजवळ पाच पौंड वाढतात. दोनशेवर पाच म्हणजे काहीच नाही, पन्नासवर पाच म्हणजे दहा टक्के. दुसरीकडे, चाळीस अंशांच्या उन्हात भरलेला टायर लेहच्या दहा अंशांत गार झाला की त्याच टायरमधले सुमारे सहा पौंड कमी होतात. इथे दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढतात, पण हे योगायोगाने. थंडीत सखल भागात उतरलेल्या विमानाला उंचीचा हा आधार मिळत नाही. तापमानाचा ठोकताळा असा की दर तीन अंशांना एक टक्का. म्हणून दाब नेहमी गार टायरचा मोजायचा, विमान उतरल्यावर दोन-तीन तासांनी. गरम टायरचा काटा वर गेलेला पाहून हवा सोडणे ही तर सर्वांत वाईट चूक, कारण टायर गार झाल्यावर तो ठरलेल्या दाबाच्या खाली जातो आणि पुढच्या उड्डाणाला तसाच धावतो.

एक आक्षेप इथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. डकोटाच्या प्रत्येक पायाला एकच चाक आहे, ते उघड्यावर दिसते. हवा कमी असेल तर डोळ्याला कळणार नाही का? जोडचाकांच्या विमानात एक टायर मऊ पडला तर शेजारचा भार उचलतो आणि मऊ टायर बाहेरून भरलेलाच दिसतो, हे खरे. ११ जुलै १९९१ रोजी जेद्दाहून यात्रेकरूंना घेऊन निघालेले नेशनएअरचे डीसी-८ विमान याच कारणाने गेले. टायर कमी हवेचे आहेत हे देखभाल करणाऱ्यांना माहीत होते, वेळापत्रकाच्या घाईत हवा भरली गेली नाही. धावपट्टीवर शेजारच्या टायरवर जास्तीचा भार आला, टायर फुटले, चाकांना आग लागली, ती चाके पोटात ओढली गेली आणि २६१ माणसे मेली. एकेरी चाकाचे विमान निदान असे लपवत नाही, एवढा भाग मी मान्य करतो. पण एक तृतीयांश दबणे हीच ज्याची निरोगी अवस्था आहे, तो टायर डोळ्याला नेहमीच बसका दिसतो. चांगला बसका आणि वाईट बसका यांतला पाच पौंडांचा फरक नजरेने ओळखता येत नाही. शिवाय एकेरी चाकाला भार वाटून घ्यायला शेजारी नाही. डकोटा शेपटीच्या चाकाची. तिचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरताना एका बाजूचा टायर मऊ असेल तर त्या बाजूला ओढ बसते, आणि मागचे वजन ती ओढ आवरण्याऐवजी वाढवते. विमान स्वतःभोवती गिरकी घेण्याचा धोका अशा विमानांत कायमचा असतो. दोन्ही टायरमध्ये सारखी हवा असणे हा त्या धोक्यावरचा पहिला उपाय आहे. शेपटीच्या छोट्या चाकात हवा चुकली तर ते थरथरू लागते आणि त्याचा हादरा विमानाच्या सांगाड्यापर्यंत जातो.

मग हवा थोडी जास्तच भरून ठेवली तर? हा उपाय पुष्कळांना सुचतो आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण जास्त हवेने टेकणारा भाग आकसतो, टायर मधोमध झिजतो, दगड-खडी त्यात जास्त खोल शिरते आणि विमान टेकताना चेंडूसारखे उसळते. शेपटीच्या चाकाच्या विमानात हे उसळणे सावरणे अवघड. त्याहून गंभीर बाब चाकाची आहे. त्या काळची पुष्कळ चाके मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतलेली आहेत. हा धातू हलका, पण ओलाव्याने लवकर कुरतडला जाणारा. सत्तर-ऐंशी वर्षे जुन्या रिमच्या कडेला, टायर जिथे टेकतो तिथे, केसाएवढी भेग पडलेली असू शकते, आणि जास्तीचा प्रत्येक पौंड त्या कडेला बाहेर ढकलत असतो. त्यामुळे टायर बदलताना रंगद्रव लावून किंवा विद्युत तपासणीने रिमच्या भेगा शोधणे हा कामाचा भाग असतो. दोन भागांची रिम बोल्टने जोडलेली असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या बोल्टला हात लावायचा नाही, आणि नव्याने बसवलेला टायर पिंजऱ्यात ठेवूनच भरायचा. नायट्रोजनच्या बाटलीत दोन हजार पौंडांच्या वर दाब असतो. मध्ये दाब नियंत्रक नसेल तर पन्नास पौंडांचा टायर क्षणात बॉम्ब होतो.

नायट्रोजनचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. नायट्रोजन भरला की हवा गळत नाही असे म्हणतात. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे गळतीत पडणारा फरक थोडा आहे. खरा फायदा दुसरीकडे आहे. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत एक बोइंग ७२७ कोसळून १६७ जण मेले. अडकलेल्या ब्रेकने चाक तापले होते आणि टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती; तापलेल्या रबरातून निघालेल्या वायूंना त्या हवेतला ऑक्सिजन मिळाला आणि टायरचा स्फोट झाला. त्यानंतर मोठ्या प्रवासी विमानांसाठी अमेरिकेत नायट्रोजन सक्तीचा झाला. जुन्या संथ विमानाचे ब्रेक इतके तापत नाहीत, तेव्हा सक्तीचे ते कारण इथे दुबळे पडते. तरीही मी नायट्रोजनच्या बाजूने आहे, कारण तो कोरडा असतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत कॉम्प्रेसरने भरलेल्या हवेबरोबर पाणीही आत जाते, आणि आत मॅग्नेशियमची रिम आहे.

आता बदललेल्या जमिनीकडे. जुना विमानतळ म्हणजे गोल किंवा चौकोनी मैदान. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचे, थोडे पुढे जाऊन थांबायचे. आज तेच विमान मोठ्या विमानतळावर उतरते तेव्हा धावपट्टीची दिशा ठरलेली असते, वारा आडवा असला तरी त्याच पट्टीवर उतरावे लागते आणि मऊ, उंच भिंतींच्या टायरवर बाजूने जोर येतो. मग टॅक्सीवेवरून किलोमीटर-दोन किलोमीटर चालत जायचे. विमानाचा टायर थोडा वेळ फार मोठा भार सोसण्यासाठी असतो. मोटारीच्या टायरसारखा लांब धावण्यासाठी तो नसतो. प्रत्येक फेरीची उष्णता साठत जाते आणि लांब चालीनंतर लगेच टेक-ऑफ घेतला तर टायर सर्वांत तापलेला असताना सर्वांत जड काम करतो. गवतावर चाक टेकताना थोडे घसरून फिरू लागते. काँक्रीटवर ते शून्यापासून पूर्ण वेगाला एका झटक्यात ओढले जाते. या झटक्यात टायर रिमवर किंचित सरकतो. ट्यूब टायरबरोबर सरकते, तिचा व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो, आणि सरकणे वाढले की व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. हवा कमी असेल तर हे सरकणे आणखी वाढते. म्हणून टायर आणि रिम यांच्यावरून एक रंगीत रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली की टायर सरकला. इतकी साधी खूण, पण प्रत्येक उड्डाणाआधी कुणीतरी वाकून पाहिली तरच उपयोगाची.

पावसात आणखी एक हिशेब येतो. धावपट्टीवर पाणी साचले असेल तर ठरावीक वेगाच्या वर टायर पाण्यावर तरंगू लागतो, ब्रेक आणि दिशा दोन्ही हातातून जातात. नासाच्या संशोधनातून आलेले सूत्र असे: पौंडांतल्या दाबाचे वर्गमूळ काढा, नऊने गुणा, तो वेग नॉटमध्ये. पन्नास पौंडांना तो सुमारे चौसष्ट नॉट, म्हणजे ताशी ११८ किलोमीटर येतो. हवा चाळीसवर उतरली की तोच वेग ताशी १०५ किलोमीटरवर येतो. डकोटा टेकते तो वेग या दोन्हींच्या वर आहे, म्हणजे टेकल्यावर काही अंतर ती पाण्यावर घसरणारच. कमी हवेने ते अंतर वाढते, आणि वाढते तेही नेमके वेग उतरत असताना, शेपटीच्या सुकाणूची पकड सुटत चाललेली असताना. संथ विमानाला टायरची पर्वा नको, या म्हणण्याला याहून स्पष्ट उत्तर मला सापडत नाही.

उरला सर्वांत मोठा मुद्दा: ही विमाने उडतातच किती? वायुसेनेच्या व्हिंटेज फ्लाइटमधली ‘परशुराम’ नावाची डकोटा एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनहून उडत भारतात आली. राजीव चंद्रशेखर यांनी, डकोटाचे वैमानिक असलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ, ती वायुसेनेला भेट दिली. श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डकोटाचा व्हीपी९०५ हा क्रमांक तिला दिला आहे. अशी विमाने जगात कुठेही असोत, संचलने, वर्धापनदिन आणि प्रात्यक्षिके यांपुरती आकाशात जातात. बाकीचे दिवस हँगरमध्ये. रोज सहा फेऱ्या करणाऱ्या प्रवासी विमानाचा टायर रोज तपासला जातो आणि झिजला की काही आठवड्यांत बदलला जातो. त्याला म्हातारे होण्याची सवडच मिळत नाही. डकोटाचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो. रोज एक टक्का हवा गळते असे धरले तरी तीन आठवड्यांत पन्नासचे चाळीस होतात. एकाच जागी उभ्या विमानाच्या टायरमधले नायलॉनचे धागे दबलेल्या आकारात बसतात, तळाशी चपटा भाग तयार होतो. ओझोन आणि ऊन भिंतीवर बारीक भेगा पाडतात. डकोटाची खास अडचण म्हणजे तिची मुख्य चाके थेट इंजिनाखाली आहेत, आणि त्या काळची गोलाकार इंजिने उभी असताना तेल ठिबकवतातच. तेल रबराला फुगवून मऊ करते. म्हणून थांबलेल्या डकोटाच्या चाकांवर कापडी आच्छादन घालतात, खालून तेलाचे थेंब पुसतात, काही दिवसांनी विमान थोडे ढकलून टायरचा टेकलेला भाग बदलतात, आणि फार काळ थांबायचे असेल तर जॅकवर घेऊन भार काढतात. यातले कोणतेही काम उड्डाणाच्या तासांवर मोजता येत नाही. ते कॅलेंडरवर मोजावे लागते. नवा टायर बसवल्यावर पहिल्या दिवसात धागे ताणले जाऊन दाब पाच ते दहा टक्के उतरतो. तेव्हाही दुसऱ्या दिवशी हवा भरायला कुणीतरी हजर लागते, विमान उडणार असो वा नसो.

यावर खर्चाचा प्रश्न विचारला जातो, आणि तो खोटा नाही. अशा मापांचे टायर जगात मोजक्याच कंपन्या थोड्या संख्येने बनवतात. मागणी नोंदवून थांबावे लागते. खाचा पूर्ण शिल्लक असलेला टायर केवळ भिंतीवर भेगा पडल्या म्हणून उतरवायचा, हे हिशेब ठेवणाऱ्याला उधळपट्टी वाटेल. त्यापेक्षा सोळा इंची रिमवर ट्रकचा टायर चढवावा, असेही कुणी म्हणेल. पण एक तृतीयांश दबून पाच टनांचा धक्का सोसणे ट्रकच्या टायरला ठाऊक नाही. ही विमाने संग्रहालयातच ठेवावीत, असे म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. ते स्वच्छ आणि प्रामाणिक मत आहे, फक्त माझे नाही, कारण रेघ पाहणारा, गार टायर मोजणारा, रिमची कड बोटाने चाचपणारा हात उडत्या विमानाभोवतीच तयार होतो. मधला मार्ग मात्र मला मान्य नाही: विमान उडवायचे, पण टायर संग्रहालयातल्या विमानासारखा वर्षानुवर्षे तसाच ठेवायचा. उडवायचे ठरले तर टायरसाठी वर्षाकाठी वेगळी तरतूद हवी आणि उड्डाण नसलेल्या दिवसांचीही नोंदवही हवी. उतरवलेला टायर फेकून द्यावा लागत नाही. विमान हँगरमध्ये हलवण्यासाठी किंवा प्रदर्शनात कायमच्या उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या विमानासाठी तो अजून बरीच वर्षे कामाचा असतो. फक्त त्याच्या भिंतीवर, पुसले जाणार नाही अशा रंगात, ‘उड्डाणासाठी नाही’ असे आधी लिहून घ्यायचे.